७३-७३ : जिंकलेल्या पक्षाची गोची आणि अमेरिकेतला १८०१ चा फेब्रुवारी

१८०० च्या अमेरिकन निवडणुकीचा निकाल असा लागला की विरोधी पक्ष जिंकला, खुर्चीवरचा राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स हरला, आणि तरीही पुढचे दोन महिने नवा राष्ट्राध्यक्ष कोण हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. थॉमस जेफरसन ७३ मतं, एरन बर ७३ मतं. आणि दोघं एकाच पक्षाचे! पक्षाचं नाव रिपब्लिकन (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी संबंध नाही, पुस्तकांत याला डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणतात). पक्षातल्या पोराटोरालाही माहीत होतं की जेफरसन राष्ट्राध्यक्ष व्हायचाय आणि बर उपराष्ट्राध्यक्ष. फक्त हे मतपत्रिकेवर कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि लिहायची सोयही नव्हती.

ही गोष्ट बहुतेक वेळा बर किती डांबिस होता या अंगानं सांगतात. असेलही डांबिस. पण मला हे प्रकरण त्याच्यामुळं इंटरेस्टिंग वाटत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी देशात पक्ष असणारच नाहीत असं गृहीत धरून नियम लिहिला, आणि बारा-तेरा वर्षांत पक्ष इतके शिस्तीचे झाले की त्या शिस्तीमुळंच सगळं अडकलं. म्हणजे पक्षातल्या कुणी गद्दारी केली म्हणून नाही, सगळ्यांनी इमानदारीत सांगितलं तसं मतदान केलं म्हणून हा पेच पडला.

आधी नियम बघू. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिताना ठरलं की राष्ट्राध्यक्ष निवडतील ते इलेक्टर, प्रत्येक राज्याचे ठरावीक. प्रत्येक इलेक्टरनं दोन नावं द्यायची आणि त्यातलं किमान एक आपल्या राज्याबाहेरचं. ज्याला सगळ्यात जास्त मतं आणि ती इलेक्टरांच्या निम्म्याहून जास्त, तो राष्ट्राध्यक्ष. त्याच्या खालचा उपराष्ट्राध्यक्ष. कुठलं नाव कुठल्या पदासाठी हे सांगायचं नाही. त्या वेळच्या हिशोबानं हे काही वेडेपणाचं नव्हतं बरं का. भीती अशी होती की जो तो आपापल्या राज्यातल्या बड्या माणसालाच मत देईल आणि कुणालाच बहुमत मिळणार नाही, म्हणून दुसरं मत बाहेरच्याला द्यायला लावलं, म्हणजे त्यातून आपोआप देशभर मान असलेला माणूस वर येईल. वॉशिंग्टन होता तोवर हे झकास चाललं, कारण दोन्ही वेळा एकूण एक इलेक्टरनं एक मत त्यालाच दिलं. पण १७८९ मध्येच अलेक्झांडर हॅमिल्टनला शंका आली होती, की सगळ्यांनी वॉशिंग्टन आणि अ‍ॅडम्स अशीच नावं लिहिली तर? बरोबरी झाली तर? त्यानं गुपचूप काही इलेक्टरांना अ‍ॅडम्सचं मत गाळायला सांगितलं. वॉशिंग्टनला ६९, अ‍ॅडम्सला ३४. अ‍ॅडम्सला हे फार लागलं. म्हणजे यंत्रात खोट आहे हे पहिल्याच निवडणुकीत दिसलं होतं, पण दुरुस्ती केली ती खाजगी पत्रं लिहून.

मग पक्ष आले. एका दिवसात नाही, आणि कुणी ‘चला पक्ष काढू’ म्हणून काढले नाहीत. वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातच हॅमिल्टन अर्थखातं सांभाळत होता आणि जेफरसन परराष्ट्रखातं, आणि दोघांचं एकाही गोष्टीवर पटेना. हॅमिल्टनला राष्ट्रीय बँक हवी, राज्यांची स्वातंत्र्ययुद्धातली कर्जं केंद्रानं अंगावर घ्यायला हवीत, व्यापार हवा, इंग्लंडशी जमवून घ्यायला हवं. जेफरसन आणि त्याच्या बाजूच्या जेम्स मॅडिसनला यात राजेशाहीचा वास येई. १७९१ मध्ये बँक झाली, त्याच वर्षी व्हिस्कीवर कर आला, १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियात त्यावरून बंड झालं. फ्रेंच राज्यक्रांतीनं तर गावागावात दोन तट पडले. दोन्ही बाजूंची स्वतःची वर्तमानपत्रं होती आणि त्यातली भाषा वाचली तर आजचं सोशल मीडिया सभ्य वाटेल. १७९६ मध्ये जाता जाता वॉशिंग्टननं पक्षबाजीपासून सावध रहा म्हणून लांबलचक निरोप दिला, पण तोवर गाडी कधीच सुटली होती.

फेडरलिस्टांनी, म्हणजे हॅमिल्टनच्या बाजूच्या पक्षानं, १७९८ मध्ये राजद्रोहाचा कायदा आणला तो या भांडणाचा कळस. सरकारवर, काँग्रेसवर (तिथली संसद), राष्ट्राध्यक्षावर खोटं आणि बदनामीकारक लिहिलं की शिक्षा. उपराष्ट्राध्यक्षाचं नाव त्या यादीत नव्हतं, कारण उपराष्ट्राध्यक्ष होता जेफरसन, त्याला शिव्या घालायची सोय शिल्लक ठेवली होती. कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथेच्या बरोब्बर आदल्या दिवशी संपणारी. व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन या कायद्याखाली चार महिने आत गेला, हजार डॉलर दंड झाला, आणि तुरुंगात बसूनच पुन्हा निवडून आला. हा लायन लक्षात ठेवा, पुढं येतोय.

आता जेफरसन विरोधी पक्षाचा असून अ‍ॅडम्सचा उपराष्ट्राध्यक्ष कसा? तर १७९६ ची निवडणूक. फेडरलिस्टांचे दोन उमेदवार, अ‍ॅडम्स आणि थॉमस पिंकनी. न्यू इंग्लंडच्या (म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांच्या) इलेक्टरांना संशय आला की दक्षिणेकडचे पिंकनीला पुढं काढतील आणि आपला अ‍ॅडम्स मागं पडेल, म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पिंकनीचं नाव गाळलं. परिणाम, अ‍ॅडम्स ७१, जेफरसन ६८, पिंकनी ५९. एकमेकांना कापायच्या नादात दुसरं पद विरोधकाला आंदण दिलं. तिकडं रिपब्लिकनांचं दुसरं नाव होतं बर, न्यूयॉर्कचा, आणि व्हर्जिनियाच्या २१ इलेक्टरांपैकी फक्त एकानं त्याला मत दिलं. बर हे विसरला नाही.

१८०० मध्ये सगळं न्यूयॉर्कवर येऊन थांबलं. तेव्हा बहुतेक राज्यांत इलेक्टर जनता नाही, विधिमंडळ निवडायचं. म्हणजे एप्रिलच्या शेवटी न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाची जी निवडणूक होती तिच्यात जो जिंकेल त्याच्या खिशात राज्याची १२ मतं. आणि ते विधिमंडळ न्यूयॉर्क शहराच्या १३ जागांवर फिरणार होतं. बरनं इथं जे केलं ते आजच्या कुठल्याही निवडणूक मॅनेजरनं अभ्यास करावा असं. आपल्या पक्षाची यादी त्यानं शेवटपर्यंत बाहेर काढली नाही, हॅमिल्टनच्या बाजूची साधारण नावं जाहीर होऊ दिली आणि मग पोतडीतून काढली माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, युद्धातला जनरल होरेशियो गेट्स अशी वजनदार मंडळी. मतदारांच्या याद्या करून घेतल्या, घर कार्यकर्त्यांना चोवीस तास उघडं ठेवलं, खायला-प्यायला घालायचं आणि थकले तर तिथंच गाद्यांवर झोपायचं. शहराच्या तेराच्या तेरा जागा गेल्या रिपब्लिकनांकडं.

हॅमिल्टन एवढा हादरला की त्यानं ७ मे ला गव्हर्नर जॉन जे याला पत्र लिहिलं, जुनं विधिमंडळ अजून मुदतीत आहे तोवर बोलवा आणि इलेक्टर निवडायची पद्धतच बदलून टाका. जॉन जे स्वतः पक्का फेडरलिस्ट, हॅमिल्टनचा जुना मित्र. त्यानं उत्तरही दिलं नाही. पत्राच्या मागं एवढंच खरडलं की हा उपाय पक्षाच्या फायद्यासाठी सुचवलाय, तो स्वीकारणं मला शोभणार नाही, आणि कागद ठेवून दिला. या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात मोठी गोष्ट केलेला माणूस कोण विचारलं तर मी जॉन जे म्हणेन. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही ते सोडा.

हॅमिल्टननं त्यावर कडी केली ती ऑक्टोबरात, स्वतःच्याच पक्षाच्या अ‍ॅडम्सवर ५४ पानांचं पत्रक लिहून. माणूस लहरी आहे, गर्विष्ठ आहे, राज्य करायच्या लायकीचा नाही, आणि शेवटी पण मत त्यालाच द्या!! हे खाजगी वाटपासाठी होतं म्हणे, ते बरच्या हाती लागलं आणि छापून आलं. फेडरलिस्ट पक्ष तसाही दुभंगलेलाच होता, आता ते सगळ्यांना दिसलं.

३ डिसेंबर १८०० ला सोळाही राज्यांचे इलेक्टर आपापल्या राजधानीत एकाच दिवशी बसले. हा मुद्दा लोक पटकन ओलांडून जातात पण सगळी गाठ इथंच आहे. एकाच दिवशी मतदान, तार नाही, रेल्वे नाही, घोड्यावरच्या टपालाला आठवडे लागणार, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्यानं काय केलं हे कळायच्या आत आपलं मत द्यायचं. जेफरसन पुढं रहावा म्हणून रिपब्लिकनांपैकी कुणीतरी एकानं बरचं मत गाळायला हवं होतं. फक्त एकानं! पण कुणी? दक्षिणेतून गाळलं तर १७९६ सारखा न्यूयॉर्कवाल्यांना परत दगा दिल्यासारखं झालं असतं. शिवाय दोन-चार जागी गाळलं गेलं तर अ‍ॅडम्स मधेच दुसरा येऊन बसायचा. साउथ कॅरोलिनात एक मत इकडंतिकडं होईल असं बोललं जात होतं, जॉर्जिया-टेनेसीचीही नावं घेतली जात होती, आणि प्रत्येकाला वाटलं तो दुसरा करेल. कुणीच केलं नाही. साउथ कॅरोलिनाचा निकाल आला, आठ जेफरसन, आठ बर. गंमत म्हणजे हरलेल्या फेडरलिस्टांनी हे बरोबर सांभाळलं होतं. ऱ्होड आयलंडच्या त्यांच्या एका इलेक्टरनं दुसरं मत जॉन जेला दिलं, त्यामुळं अ‍ॅडम्स ६५ आणि चार्ल्स पिंकनी (थॉमसचा मोठा भाऊ) ६४. जिंकले असते तर त्यांचा काही घोळ झाला नसता.

बरोबरी झाली की घटनेप्रमाणं निर्णय प्रतिनिधीगृहाकडं, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाकडं. तिथं मत माणसागणिक नाही, राज्यागणिक. प्रत्येक राज्याचं एक, सोळापैकी नऊ पाहिजेत. व्हर्जिनियाच्या १९ खासदारांचं मिळून एक मत आणि डेलावेअरच्या एकुलत्या एक खासदाराचंही एक मत. वर आणखी कहर म्हणजे हे गृह नवं नाही, जुनंच, निवडणुकीत मार खाल्लेलं, ज्यात फेडरलिस्टांचं बहुमत. म्हणजे हरलेल्या पक्षानं ठरवायचं की जिंकलेल्या पक्षातला कोण राष्ट्राध्यक्ष. फेडरलिस्टांच्या डोळ्यात चमक आली नसती तरच नवल. आठ राज्यं जेफरसनची, सहा फेडरलिस्टांची, आणि व्हरमाँट व मेरीलँड आतल्या आत निम्मे-निम्मे. नववं राज्य कुणाकडंच नाही.

फेडरलिस्टांचा विचार सरळ होता, बरला राष्ट्राध्यक्ष करू, म्हणजे तो आपल्या उपकाराखाली राहील. एकच माणूस आडवा आला आणि तो नेमका हॅमिल्टन. डिसेंबरपासून तो पत्रांवर पत्रं लिहीत सुटला, जेफरसन मला मुळीच आवडत नाही पण त्याला निदान काही तत्त्वं आहेत, बरला स्वतःशिवाय काही दिसत नाही. हॅमिल्टनला बर चांगला माहीत होता, त्याच बरनं १७९९ मध्ये न्यूयॉर्कला पाणी पुरवायच्या नावाखाली कंपनीची सनद घेतली होती आणि त्यातल्या एका कलमाच्या आडून बँक काढली होती. पण पत्रकाच्या प्रतापानंतर हॅमिल्टनचं पक्षात कोण ऐकतंय. बहुतेकांनी ऐकलं नाही.

११ फेब्रुवारी १८०१. वॉशिंग्टन शहर म्हणजे नुसता चिखल आणि अर्धवट बांधकामं, राजधानी येऊन जेमतेम काही महिने झालेले, कॅपिटॉलची (संसदेच्या इमारतीची) एकच बाजू उभी. खासदार खानावळीवजा बोर्डिंगात राहायचे, जेफरसनही तसाच. त्या दिवशी बर्फ पडत होतं. सिनेटचा अध्यक्ष म्हणून मतांची पाकिटं उघडली खुद्द उपराष्ट्राध्यक्ष जेफरसननं, म्हणजे स्वतःच्या निवडणुकीचा निकाल स्वतःच वाचला (हितसंबंध वगैरे शब्द तेव्हा बहुतेक कुणाला सुचले नाहीत). मग प्रतिनिधीगृहानं दारं बंद केली, निकाल लागेपर्यंत तहकुबी नाही असं ठरवून.

मेरीलँडचा जोसेफ निकोल्सन तापानं फणफणला होता. तो नसता तर मेरीलँड ४-३ नं बरकडं गेलं असतं, म्हणून त्याला त्या बर्फातून उचलून आणलं, सभागृहाशेजारच्या खोलीत बिछान्यावर निजवलं, बायको उशाशी, आणि दर फेरीला मतपेटी त्याच्याकडं नेली जायची, तो थरथरत्या हातानं नाव लिहायचा. पहिली फेरी ८-६-२. दुसरी ८-६-२. रात्र झाली, कुणी खुर्चीत पेंगतंय, कुणी कोट अंगावर ओढून जमिनीवर आडवं झालंय, आणि तासा-दोन तासांनी उठून पुन्हा तेच. सकाळपर्यंत वीसच्या वर फेऱ्या झाल्या आणि आकडा एकानंही हलला नाही. तोच आकडा शुक्रवारी, तोच शनिवारी.

बाहेर वातावरण तापत होतं. ४ मार्चला अ‍ॅडम्सची मुदत संपणार, तोवर कुणीच निवडून आलं नाही तर काय याचं धड उत्तर कुणाकडं नाही. काही फेडरलिस्ट म्हणत होते कायदा करून कुणालातरी हंगामी बसवू. रिपब्लिकनांनी ठणकावलं, असं केलंत तर मधली राज्यं त्याच दिवशी शस्त्रं उचलतील. ही नुसती धमकी नव्हती, पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर मॅककीन आणि व्हर्जिनियाचा गव्हर्नर मन्रो दोघंही मिलिशियाच्या (राज्याच्या नागरिक-फौजेच्या) तयारीत होते.

आणि बर? बर ऑल्बनीत, न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथं त्याच्या मुलीचं, थिओडोशियाचं लग्न झालं. डिसेंबरात त्यानं मेरीलँडच्या सॅम्युअल स्मिथला पत्र लिहून सांगितलं होतं की मी जेफरसनशी स्पर्धा करणार नाही, ते पेपरात छापूनही आलं. नंतर सूर बदलला. निवडून आलो तर पद नाकारेन असं काही तो म्हणेना. पण फेडरलिस्टांना जे हवं होतं तेही त्यानं दिलं नाही, ना वचन, ना सौदा, वॉशिंग्टनला आलाही नाही. गप्प बसला. मला वाटतं याच गप्प बसण्यानं त्याचं राजकारण संपलं, कारण आपल्या पक्षाच्या दृष्टीनं तो गद्दार ठरला आणि विरोधकांच्या दृष्टीनं बिनकामाचा. एका बाजूला पूर्ण झुकला असता तरी काहीतरी पदरात पडलं असतं.

कोंडी फुटली ती डेलावेअरच्या जेम्स बेयर्डमुळं. वय ३३, फेडरलिस्ट, राज्याचा एकटाच खासदार, म्हणजे हा एकटा फिरला की नऊ. त्यानं स्मिथमार्फत जेफरसनच्या बाजूचा अंदाज घेतला, सरकारी कर्जाची हमी राहील का, नौदल राहील का, खालचे अधिकारी सरसकट काढणार का. स्मिथनं सांगितलं काळजी नको. मग बेयर्डनं पक्षाच्या बैठकीत जाहीर केलं की मी आता थांबतोय, डेलावेअरसारख्या चिमुकल्या राज्याला संघराज्य मोडलेलं परवडणार नाही. बैठकीत एकच गदारोळ, पळपुटा म्हणून ओरडले त्याला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, छत्तिसावी फेरी. व्हरमाँटचा फेडरलिस्ट मॉरिस सभागृहात आलाच नाही, त्यामुळं व्हरमाँटचं मत एकटा मॅथ्यू लायन देऊन मोकळा झाला, तोच, तुरुंगातून निवडून आलेला. मेरीलँडच्या फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, तेही राज्य जेफरसनकडं. डेलावेअर आणि साउथ कॅरोलिना कोरे. जेफरसन १०, बर ४. बघा, ज्यांच्यामुळं निकाल फिरला त्यातल्या एकाही फेडरलिस्टनं जेफरसनचं नाव लिहिलं नाही. कुणी गैरहजर, कुणी कोरं. जेफरसन निवडून आला तो विरोधकांनी मत दिल्यानं नाही, न दिल्यानं.

सौदा झाला का? बेयर्डनं पुढं १८०६ मध्ये शपथेवर सांगितलं की झाला होता. जेफरसननं ठाम नाकारलं. स्मिथचं म्हणणं, मी जेफरसनशी बोललो पण कशासाठी विचारतोय ते त्याला सांगितलं नव्हतं. मला स्मिथची गोष्ट सगळ्यात पटते, कारण मधला माणूस नेमका असाच वागतो, दोन्हीकडं हवं ते ऐकू जाईल इतपत बोलतो. बेयर्डनं ज्यांच्या नोकरीची चौकशी केली होती त्यातला एक विल्मिंग्टन बंदराचा कस्टम कलेक्टर ॲलन मॅक्लेन. जेफरसन आला, गेला, त्याच्यामागून आणखी तिघं राष्ट्राध्यक्ष झाले, मॅक्लेन त्याच खुर्चीवर. ज्यानं त्यानं आपला अर्थ काढावा.

४ मार्चला जेफरसन बोर्डिंगातून चालत कॅपिटॉलला गेला. अ‍ॅडम्स पहाटेच गाव सोडून निघून गेला होता. एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडं सत्ता पहिल्यांदाच गेली आणि गोळी चालली नाही, हे कौतुक आहेच, जेफरसननं म्हातारपणी याला १८०० ची क्रांती म्हटलं. पण या क्रांतीत कुणाचा वाटा होता हेही बघायला लागतं. खासदारांची आणि पर्यायानं इलेक्टरांची संख्या ठरवताना गुलामांची तीन-पंचमांश मोजणी व्हायची, मत त्यांना नाही पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जादा मतं. बऱ्याच इतिहासकारांचा हिशोब असा की ही जादा मतं काढली तर अ‍ॅडम्स जिंकला असता आणि ७३-७३ चा प्रश्नच आला नसता. न्यू इंग्लंडचे फेडरलिस्ट हे तेव्हाही बोलून दाखवायचे, अर्थात गुलामांच्या प्रेमापोटी कमी आणि हरल्याच्या रागानं जास्त.

दुरुस्ती मात्र झाली. १८०३ च्या डिसेंबरात काँग्रेसनं बारावी घटनादुरुस्ती पास केली आणि जून १८०४ मध्ये ती लागू झाली, आता इलेक्टरनं राष्ट्राध्यक्षाचं मत वेगळं आणि उपराष्ट्राध्यक्षाचं वेगळं द्यायचं. म्हणजे पक्ष असतात, ते जोडी उभी करतात, हे घटनेनं पक्ष हा शब्द न वापरता मान्य केलं. सगळ्यांना हे आवडलं नव्हतं. डेलावेअर, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्सनी ती फेटाळली, कारण जुन्या घोळात हरलेल्याला आणि लहान राज्यांना सौदा करायला जी फट मिळायची ती आता बुजणार होती. विरोधकांचा आणखी एक मुद्दा होता की यापुढं उपराष्ट्राध्यक्षपद मोठ्या माणसाला मिळणार नाही, ते कुठल्यातरी राज्याची मतं ओढायला वाटून टाकतील. हे त्यांचं अगदी चुकलं असं म्हणवत नाही. प्रतिनिधीगृहातलं एक राज्य एक मत तर तसंच राहिलं, १८२५ मध्ये जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स त्याच वाटेनं राष्ट्राध्यक्ष झाला, आणि ते कलम आजही आहे.

१८०४ ला रिपब्लिकनांनी बरला न विचारता कटवलं आणि त्याच्या जागी घेतला तोच म्हातारा जॉर्ज क्लिंटन, ज्याला बरनं चार वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या यादीत आणून बसवलं होतं. बर न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला, तिथं हरला, आणि ११ जुलैला वीहॉकेनला द्वंद्वात त्यानं हॅमिल्टनला गोळी घातली. तेव्हाही तो उपराष्ट्राध्यक्षच होता, मुदत संपायला अजून आठ महिने होते, आणि परत येऊन त्यानं सिनेटचं कामकाज शेवटपर्यंत चालवलं.